चौसष्ट तारांचा भोपळा

जुबेदाच्या लेकीचं, शाहीनचं, लग्न झालं त्याच वर्षी रूथ दुसऱ्यांदा आभाळात गेली. म्हणजे साल २०४३. मिरजेत आमच्या गल्लीत ते साल कुणी आकड्यानं सांगत नाही, शाहीनच्या हळदीचं साल म्हणतात. कारण ती हळद तीन तास खोळंबली होती. का खोळंबली, याच्या दहा कहाण्या दहा तोंडी आहेत. खरी अशी.

रूथ हॉलबर्ग अमेरिकेची अंतराळवीर, पण जन्म मिरजेचा. तिचे वडील इथल्या मिशनच्या दवाखान्यात हाडांचे डॉक्टर आणि आई तिथंच नर्स. दोघं दिवसभर कामात, म्हणून शाळा सुटली की ही पिवळ्या केसांची पोर सतारमेकर गल्लीत यायची आणि महमूदसाहेब शिकलगारांच्या तंबोऱ्यांच्या दुकानात भोपळ्यांच्या ढिगाला टेकून बसायची. मंगळवेढ्याकडून आलेले ते वाळके भोपळे तिच्याएवढे मोठे. एकदा ती त्यातल्या एका चिरलेल्या भोपळ्यात शिरून झोपली आणि दवाखान्यातल्या निम्म्या लोकांनी तिला तळ्याकाठी शोधलं.

महमूदसाहेबांची मुलगी जुबेदा तिच्याहून एका वर्षानं मोठी. दोघींना त्यांनी एकच काम दिलं होतं. तंबोऱ्याची तार जिच्यावर टेकते त्या पट्टीला घोडी म्हणतात. रूथनं तार छेडायची आणि जुबेदानं तार नि घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा केसभर इकडे, केसभर तिकडे सरकवायचा. एका जागी आल्यावर तार एकदम उजळते. एकच सूर, पण त्याच्या पोटातून बारीक बारीक सूर फुटायला लागतात. याला जवारी लागणं म्हणतात. जवारी बंद असली की सूर तोच राहतो, पण आवाज घोंगडीखालून आल्यासारखा वाटतो.

तेराव्या वर्षी रूथ आईबापांबरोबर मिनेसोटाला गेली. तिथं इंजिनियर झाली, विमानं चालवायला शिकली. अंतराळवीर व्हायला दोनदा अर्ज केला, दोनदा नाकारली गेली. तिसऱ्यांदा घेतली. २०३४ साली पहिल्यांदा वर जाऊन पाच महिने राहून आली. लग्न केलं नाही आणि पुढं आईवडीलही गेले. त्यामुळं दुसऱ्या खेपेला अंतराळ संस्थेनं 'घरचं माणूस कोण?' असा कागद पुढं केला, तेव्हा तिनं लिहिलं, जुबेदा शिकलगार, मिरज.

"अगं, मी कशी तुझ्या घरची?" जुबेदा म्हणाली.

"मग काय शेजारची? दर रविवारी अर्धा तास घरच्या माणसाशी बोलू देतात. तू नको म्हणालीस तर तो अर्धा तास माझा कमांडर घेईल. आणि कमांडर मीच आहे."

निघताना रूथ सोबत दीड किलो खासगी सामान नेऊ शकत होती. त्यात जुबेदानं पाठवलेली रुपयाएवढी चकती होती. ही चकती तंबोऱ्याला चिकटवली की आतला आवाज थेट ऐकू येतो. दुकानात अशा चकत्या बरण्या भरून असतात.

रूथचं वरचं घर चंद्राभोवती फिरत होतं. ते लोखंडाचं नव्हतं. पत्र्याचं घर तिथवर न्यायला फार जड, म्हणून विणलेली पिशवी घडी घालून न्यायची आणि वर गेल्यावर आत हवा भरून फुगवायची. पिशवीवर बोटभर रुंद मजबूत पट्टे, एकाखालून एक काढलेले, आपल्या बाजेच्या नवारीसारखे. हवा आतून बाहेर रेटते, पट्टे तिला आवळून धरतात. दोन्ही टोकांना धातूच्या कड्या, सगळे पट्टे त्या कड्यांवरून वळलेले. फुगल्यावर घर अगदी गोल दिसायचं. संस्थेनं त्याला लांबलचक नाव दिलं होतं. रूथ त्याला भोपळा म्हणायची.

पट्टे सैल होतायत का, हे कळावं म्हणून त्यांच्या जोडीनं चौसष्ट बारीक तारा एका कडीपासून दुसऱ्या कडीपर्यंत ताणलेल्या होत्या. रोज सकाळी यंत्र त्यांना एक एक करून छेडायचं. तार ढिली झाली की सूर उतरतो, हे शाळकरी पोरालाही माहीत. सूर जागेवर असला की संगणक हिरवा दिवा लावायचा. सुराच्या पोटातले बारीक सूर मात्र पंख्यांच्या घरघरीत मिसळायचे, म्हणून तो गोंगाट समजून ते गाळून टाकायचा.

पहिल्याच रविवारी रूथनं चकती भिंतीला चिकटवली.

"जुबे, ऐक. आमच्याकडं रोज सकाळी चौसष्ट तंबोरे छेडतात."

आवाज आला. जुबेदानं डोळे मिटले. तिचा धाकटा भाऊ इलाही हातातला रंधा तसाच धरून दारात उभा राहिला.

"जवारी कुणी लावली गं याची?" जुबेदानं विचारलं.

शब्द वर पोचायला सव्वा सेकंद, उत्तर खाली यायला सव्वा सेकंद. तेवढं थांबून रूथचं हसू आलं. "कुणी नाही. आपसूक लागली."

"आपसूक कधी जवारी लागते का? कडीचा उतार बरोबर घासलाय कुणीतरी. त्याला माझा सलाम सांग."

मग दर रविवारी हेच. आधी चौसष्ट तारा ऐकायच्या, मग गप्पा. शाहीनच्या लग्नाची तारीख ठरली, ती गप्पांत. नवऱ्या मुलाला टक्कल पडायला लागलंय, तेही गप्पांत. रूथ म्हणाली, "पडू दे की. इथं वर आल्यावर केस सारखे नाकात जातात."

आठव्या रविवारी जुबेदानं तारा ऐकल्या आणि सतराव्या तारेला तिचा हात मांडीवर थांबला. सतरा, अठरा, एकोणीस, वीस. सूर जागेवर, पण जवारी बसलेली, आवाज घोंगडीखालचा. एकविसाव्या तारेपासून पुन्हा उजेड. रूथ रोज ऐकत होती, म्हणून तिला फरक कळला नव्हता. रोज दिसणाऱ्या पोराची उंची आईला कळत नाही तसंच ते. जुबेदा आठवड्यानं ऐकत होती.

"कशी आहे जवारी?" रूथनं नेहमीसारखं विचारलं. आणि लगेच पुढं, "शुक्रवारी आमच्याकडं मोठा कार्यक्रम आहे, बरं का. खालून दुसरं यान येतंय, चार माणसं घेऊन. ते मी स्वतःच्या हातानं भोपळ्याला जोडणार. सगळं जग बघणार आहे. मी दिवसातून पाच-पाचदा सराव करतेय."

इथं जुबेदानं चूक केली. आमच्या गल्लीत कुणीही तीच चूक केली असती.

महमूदसाहेबांचा नियम होता, आणि त्यांच्या वडिलांचाही: मैफिलीच्या तोंडावर वाद्याला नाव ठेवायचं नाही. गवई तंबोरा घेऊन दुकानात आला, संध्याकाळी त्याला गायचंय आणि जवारी बसलेली दिसली, तरी म्हणायचं, छान वाजतंय. कारण त्या वेळी दुरुस्ती होणार नसते, आणि एकदा शंका आली की गवयाचा गळा बसतो. खरं काय ते मैफील झाल्यावर दुसऱ्या दिवशी सांगायचं. कितीतरी गवई या खोट्यावर गाऊन गेले आणि मागाहून पेढे घेऊन आले.

"छान आहे," जुबेदा म्हणाली. "तू शुक्रवारचं बघ."

मनात तिनं ठरवलं, पुढच्या रविवारी सांगू.

घरात लग्नाची धांदल. मंगळवारी मंडपवाला, बुधवारी बांगड्या. तिला अधूनमधून सतरावी तार आठवायची आणि ती स्वतःलाच म्हणायची, आवाज थकलाय, एवढंच. तारा कुठं घर धरून आहेत? धरलंय ते पट्ट्यांनी.

गुरुवारी सकाळी अकराला हळद होती. दहा वाजता सांगलीच्या गायिका सुनंदाताई हेर्लेकर तंबोरा घेऊन दुकानात हजर.

"मैफील परवाच झाली. आता खरं सांगा, जुबेदाबी. त्या सकाळी आले तेव्हा तुम्ही 'छान' म्हणालात, तेव्हाच मी ओळखलं काहीतरी बिनसलंय. तुम्ही कधी एका शब्दात बोलता का?"

इलाही हसला. "ताई, नियम तुम्हालाही पाठ झाला की!"

"मोबाईल तर म्हणतो सूर अचूक आहे." सुनंदाताईंनी मोबाईल पुढं धरला. काटा बरोबर मध्यावर होता.

"त्याला सूरच कळतो," जुबेदा म्हणाली. तिनं दुसरी तार उतरवली आणि घोडीवर अंगठ्याचं नख फिरवलं. नख खटकन अडकलं. पोलादाच्या तारेनं तिथं खाच पाडली होती. खाचेची कड चांगलीच धारदार झालेली.

"बघा. तार या खाचेत रुतून बसलीय, म्हणून जवारी बसली. अजून पंधरा दिवसांनी याच कडेवर कापली गेली असती."

"मैफिलीत तुटली असती तर?"

"तर काय ताई, दुसरी लावायची," इलाही म्हणाला.

जुबेदाचं नख त्या खाचेतच राहिलं. आवाज थकत नाही. खाच पडते. आणि रूथच्या भोपळ्यात ज्या कडीवर तारा टेकतात, त्याच कडीवर पट्टे टेकतात. तिथं धारदार कड तयार झाली असेल, तर तिच्यावर तार नव्हे, रूथचा श्वास टेकलेला होता. आणि उद्या त्या कडीला दुसरं यान येऊन धडकणार होतं.

"आपा, काय झालं?" इलाहीनं विचारलं.

"मी रूथीला खोटं सांगितलं," ती म्हणाली आणि उठली.

घरच्या माणसाला वर फोन लावता येत नाही. संस्थेचा एक नंबर असतो, तिथं चोवीस तास कुणीतरी बसलेलं असतं. तिकडं तेव्हा रात्रपाळी चालू होती. फोनवर नोरा ब्रॅनिगन नावाची बाई होती. मूळची इंजिनियर. सायकलवरून पडून पाय मोडल्यामुळं महिनाभर तिला फोनवर बसवलेलं. जुबेदा मराठीत बोलायची, मोबाईल ते इंग्रजी करून तिकडं सांगायचा आणि नोराचं मराठी करून इकडं.

पण जवारीला मोबाईलकडं शब्द नव्हता. त्यानं तीन वेळा तीन वेगळे अर्थ सांगितले. नोरा नम्रपणे म्हणाली, "बाई, सगळे चौसष्ट दिवे हिरवे आहेत. मी आत्ताच पाहिलं. तुम्ही काळजी करू नका."

"शब्द राहू द्या," जुबेदा म्हणाली. "ऐका."

तिनं नवी घोडी बसवलेला तंबोरा छेडला. मग सुनंदाताईंच्या तंबोऱ्याची तार परत चढवून त्याच सुरात मिळवली, आणि ती छेडली.

"दोन्हींचा सूर एकच आहे," नोरा म्हणाली.

"सूर एकच. आवाज?"

"पुन्हा वाजवा," नोरा म्हणाली. जुबेदानं पुन्हा वाजवलं. "पहिला खुला आहे. दुसरा… उशीत तोंड खुपसून बोलल्यासारखा."

"पहिला आवाज दोन महिन्यांपूर्वीचा. दुसरा परवाच्या रविवारचा. सतरा ते वीस. सूर उतरला नाही म्हणून तुमचा दिवा हिरवा आहे. पण तार जिथं टेकते तिथं खाच पडलीय. आमच्याकडं खाच पडली की तार तुटते. तुमच्याकडं त्या जागेवर आणखी काय टेकतं?"

नोरानं भोपळ्याचा नकाशा समोर उघडला.

"पट्टे," ती म्हणाली. "फोन ठेवू नका."

दारात शाहीन उभी. अंगावर पिवळी साडी, कपाळाला मुंडावळ्यांसारखी मोगऱ्याची माळ. "अम्मी, बायका ताटकळल्यात. हळद सुकायला लागली!"

"पाणी घाल तिच्यात."

"अम्मी!"

"शाहीन, तुझी मावशी अडकलीय वर. पाणी घाल आणि बस."

शाहीननं आईच्या तोंडाकडं पाहिलं आणि दारातच जमिनीवर बसली. मग एक एक करत हळदीच्या बायका दुकानात आल्या आणि भोपळ्यांना टेकून बसल्या. सुनंदाताई गेल्याच नाहीत. फोन मधोमध घोडीच्या पेटीवर ठेवलेला. कुणीतरी चहा केला. तो कुणीच प्यायला नाही.

नोरा तिकडं काय करत होती, ते नंतर कळलं. संगणक गाळलेला आवाज दाखवायचा, पण मूळ आवाज साठ दिवस ठेवून मग पुसायचा. छप्पन्न दिवस झाले होते. तिनं पहिल्या दिवसाचा आणि त्या दिवसाचा आवाज शेजारी ठेवून पोटातले बारीक सूर मोजले. साठ तारांत ते जसेच्या तसे, चार तारांत निम्म्याहून कमी. भोपळा दर दोन तासांनी चंद्राच्या सावलीत जायचा आणि बाहेर यायचा. उन्हात सगळं पसरायचं, सावलीत आकसायचं. दर खेपेला तार कडीवर केसाच्या दहाव्या हिश्शाएवढी घासायची. दिवसातून बारा वेळा, छप्पन्न दिवस.

दुपारी एकला फोनमधून नोराचा आवाज आला. "जुबेदा, यान थांबवलंय. ते दोन दिवस बाजूला फिरत राहील. रूथ आणि तिचा सोबती कडीजवळचं अस्तर उघडतायत." आणि तासाभरानं, "खाच आहे. नख अडकतं एवढी. दोन पट्टे निम्म्यापर्यंत कातरले गेलेत. उद्याचा धक्का बसला असता तर तुटलेच असते."

"आता काय करणार?" जुबेदानं विचारलं.

"इथं सगळे तेच विचारतायत. तुम्ही काय करता?"

"आधी तार उतरवायची. ताणलेल्या तारेखाली हात घालायचा नाही. मग घोडी घासायची, नाहीतर तार नव्या जागी सरकवायची."

त्यांनीही तेच केलं. माणसं भोपळ्याला जोडलेल्या धातूच्या लहान खोलीत गेली, भोपळ्यातली हवा कमी केली, पट्टे ढिले पडले. अंतराळातले पोशाख घालून रूथनं कडीची धार घासून गोल केली, त्या चार तारांजवळचे पट्टे बोटभर सरकवले आणि खाली मऊ अस्तर घातलं. शनिवारी पहाटे पुन्हा हवा भरली. रविवारी सकाळी चौसष्ट तारा वाजल्या.

शाहीनची हळद गुरुवारीच झाली, फक्त दुपारी दोनला. हळदीत इतकं पाणी झालं होतं की निम्मी साडीवर ओघळली. पण त्या दिवशी ज्या जोरानं बायकांनी गाणी म्हटली, तशी गल्लीत पुन्हा कधी कुणी म्हटली नाहीत.

रविवारी निकाह लागला. वऱ्हाड जेवायला बसलं आणि रूथचा फोन आला. जुबेदा दुकानाच्या मागच्या खोलीत गेली, दार लावून घेतलं.

आधी तारा वाजल्या. सतरा, अठरा, एकोणीस, वीस. चारही उजळ.

"कशी आहे जवारी?" रूथनं विचारलं. आवाज कोरडा होता.

"अठराव्याला थोडी कमी आहे. बाकी चांगली."

"गेल्या रविवारी काय होती?"

जुबेदानं फळीवरची एक घोडी उचलून तिच्यावर नख फिरवलं.

"नोरानं सांगितलं मला," रूथ म्हणाली. "तुला तेव्हाच ऐकू आलं होतं."

"आलं होतं."

"आणि तू 'छान' म्हणालीस."

"तू म्हणालीस, शुक्रवारी कार्यक्रम आहे, सगळं जग बघणार आहे. अब्बांचा नियम तुला माहीत आहे, रूथी."

"माहीत आहे! मैफिलीच्या तोंडावर वाद्याला नाव ठेवायचं नाही. अगं पण भवाने, मी गवई नाही! मी भोपळ्याच्या आत राहते!"

जुबेदाला रडू फुटलं आणि त्यातच हसू. तिकडंही तसंच काहीतरी झालं असावं, कारण बराच वेळ नुसते नाक ओढल्याचे आवाज येत होते. वर नाक पुसायला त्रास होतो, पाणी खाली पडत नाही, असं रूथनं नंतर सांगितलं.

"पुन्हा असं करशील?" रूथ म्हणाली.

"तुला नाही करणार. सुनंदाताईंना करेन."

"त्यांना खुशाल कर. बरं, नवरा मुलगा कसा दिसतोय?"

"फेटा बांधलाय. आज टक्कल कळत नाही."

पुढं संस्थेनं संगणकाला पोटातले सूर ऐकायला शिकवलं. त्यासाठी जुबेदानं नोराला पाचशे घोड्यांचे आवाज पाठवले, चांगले, बसलेले, खाच पडलेले. चाळीस वर्षांत तिनं कमावलेला कान यंत्रानं अकरा दिवसांत उचलला. दोन-चार दिवस तिनं एकही घोडी हातात घेतली नाही. मग इलाहीला म्हणाली, "बरंच झालं. त्याला मैफील कळत नाही, भीडही नाही. वरच्या माणसाला असाच कान हवा."

दोन वर्षांनी ते यंत्र दुकानांतही आलं. चकती चिकटवली की लगेच खरं सांगून मोकळं. जुबेदानं ते घेतलं, पण दारावर पाटी लावली: ज्यांची आज मैफील आहे, त्यांची वाद्यं यंत्राला दाखवली जाणार नाहीत. गवई ती पाटी वाचून हसायचे आणि आत येऊन विचारायचे, "बी, कसा वाजतोय?" ती म्हणायची, "छान."

रूथ त्या खेपेनंतर पुन्हा वर गेली नाही. वर्षभरात हाडं ठिसूळ झाली होती. वडील असते तर रागावले असते, असं ती म्हणायची. तिनं बारा वर्षं नव्या पोरांना शिकवलं. पहिल्या दिवशी ती त्यांना एकच गोष्ट सांगायची, दिवा हिरवा असला तरी भिंतीला कान लावा. तिच्या शिकवलेल्यांतले तिघं मंगळावर जाऊन सुखरूप परत आले. साठी उलटल्यावर ती दर हिवाळ्यात मिरजेला यायला लागली, आणि एका हिवाळ्यानंतर परत गेलीच नाही. दुकानामागच्या खोलीत राहायची. सकाळी काठी टेकत बाहेर यायची आणि तार छेडून द्यायची. धागा जुबेदा सरकवायची.

इलाही शिकलगार २०६५ साली हृदयविकारानं गेला. रूथ हॉलबर्ग ९ जानेवारी २०६९ रोजी मिरजेत, दुकानामागच्या खोलीत, सकाळी झोपेतच वारली. वय पंच्याहत्तर. खाट नवारीची होती आणि जमिनीवर होती. जुबेदानं त्या दिवशी दुकानातल्या सगळ्या तंबोऱ्यांच्या तारा उतरवल्या आणि चाळिसाव्या दिवशी, शोक संपल्यावर, पुन्हा चढवल्या.